फ्रेंच वाइन बारमध्ये जेवायचं कसं? छोट्या प्लेट, वाइनची यादी आणि बिलाचं गणित

महाराष्ट्रात ‘वाइन’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो दुकानाच्या पाटीवर. तालुक्याच्या गावात ‘वाइन शॉप’ लिहिलेल्या दुकानात व्हिस्की असते, रम असते, बिअर असते, आणि वाइन असलीच तर मागच्या फळीवर धूळ खात पडलेली एखादी बाटली. त्यामुळे ‘वाइन बार’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मंद दिव्यांचा परमिट रूम, काचेच्या बशीतले शेंगदाणे आणि टीव्हीवरची मॅच.

फ्रेंच पद्धतीचा वाइन बार ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मुळात जेवायला जातात. एक मोठं ताट येत नाही. चार-पाच छोट्या प्लेट येतात, त्या टेबलावर मधोमध ठेवून सगळे वाटून खातात आणि सोबत द्राक्षाची वाइन ग्लासाच्या मापाने घेतात. मुंबई, पुणे, बेंगळुरू, गोवा इथे गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशा जागा उघडल्या, काही बंदही पडल्या. नाशिकच्या वायनरींमधली उपाहारगृहं याच पद्धतीच्या जवळ जाणारी आहेत. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवचा एखादा मुलगा किंवा मुलगी पुण्यात नोकरीला लागते, ऑफिसची मंडळी अशा ठिकाणी घेऊन जातात, आणि मेन्यूवरचा एकही शब्द ओळखीचा नसतो. हे माहीत नसण्यात कमीपणा काही नाही. पण माहीत नसेल तर दोन गोष्टींना फटका बसतो: खिशाला, आणि खाण्यापिण्याचे काही नियम पाळत असाल तर त्या नियमांना. म्हणून हा लेख.

कोळसा विकता विकता

पॅरिसमध्ये वाइन पाजणाऱ्या साध्या जागांची परंपरा जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी स्थलांतर आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या मध्य भागातल्या ऑव्हेर्न्य या डोंगराळ, गरीब प्रदेशातून माणसं पोटासाठी पॅरिसला आली. आधी पाणी वाहिलं, मग लाकूड आणि कोळसा विकला. गिऱ्हाईक कोळसा घ्यायला आलं की त्याला उभ्या उभ्या ग्लासभर वाइन विकायची, असा जोडधंदा सुरू झाला. दुकानांवर ‘वाइन आणि कोळसा’ अशा पाट्या असत. या लोकांना पॅरिसमध्ये ‘बुन्या’ म्हणत. पुढे कोळसा गेला आणि वाइन, गावाकडचं चीज, खारवलेलं मांस, पाव एवढं उरलं. पॅरिसच्या कित्येक कॅफेंचे मालक या प्रदेशातले होते. मुंबईत इराण्यांनी चहा आणि बनमस्क्याचं किंवा उडुपीकरांनी इडली-डोशाचं जे केलं, तसंच हे.

आजचा वाइन बार मात्र बराच अलीकडचा. पॅरिसमध्ये १९८० साली ‘विलीज वाइन बार’ उघडला, तोही एका इंग्रजाने. चांगली वाइन अख्खी बाटली न घेता ग्लासाने मिळावी आणि सोबत नीट जेवण असावं, ही कल्पना तिथून रुळली. २००० च्या सुमाराला ‘काव्ह आ माँजे’ नावाचा प्रकार आला. ‘काव्ह’ म्हणजे वाइनचं दुकान किंवा तळघर, ‘माँजे’ म्हणजे खाणं. फळीवरची बाटली उचलायची, थोडं जादा शुल्क भरायचं आणि तिथेच बसून प्यायची. सें-मार्तें कालव्याजवळचं ‘ल वेर व्होले’ हे त्यातलं गाजलेलं नाव.

छोट्या प्लेटमागे फ्रेंच कायद्याचाही हात आहे, हे फार लोकांना ठाऊक नसतं. फ्रान्समध्ये नुसती दारू पाजायचा परवाना वेगळा आणि जेवणासोबत वाइन द्यायचा परवाना वेगळा. दुसरा मिळायला सोपा, पण अट अशी की गिऱ्हाइकाने खायला मागवलंच पाहिजे. त्यामुळे दुकानवजा जागांमध्ये स्वयंपाकघर मोठं नसलं तरी काहीतरी खायला ठेवावं लागलं: कापलेलं चीज, पाव, थंड पदार्थ. गरजेतून आलेली ही मांडणी पुढे फॅशन झाली.

आणि एक गैरसमज. फ्रेंच लोक पाण्यासारखी वाइन पितात, हे चित्र जुनं झालं. १९५६ पर्यंत तिथल्या शाळांमध्ये जेवणाच्या वेळी लहान मुलांनाही वाइन मिळू शकत असे. त्या वर्षी चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी ती बंद केली. १९६० च्या आसपास माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त असलेला वाइनचा खप आज निम्म्याहूनही खाली आहे. १९९१ पासून दारूच्या जाहिरातींवर कडक बंधनं आहेत. कमी प्यायची पण निवडून प्यायची, या बदलातूनच वाइन बार वाढले.

चकणा नव्हे

आपल्याकडे छोट्या प्लेटला एक शब्द आधीपासून आहे: चकणा. पण चकण्याचं काम पेयाला साथ द्यायचं. तो खारट, तिखट, तेलकट असतो, म्हणजे तहान वाढते आणि पुढचा पेग मागवला जातो. वाइन बारमधल्या प्लेटचं नातं उलटं आहे. तिथे पदार्थ आधी ठरतो आणि त्याला शोभेल अशी वाइन शोधली जाते. निदान चांगल्या जागी तरी. वाईट जागी शेंगदाण्याऐवजी ऑलिव्ह ठेवतात आणि दर चौपट लावतात, एवढाच फरक.

तुलनाच करायची तर हुरड्याशी करावी. शेतात आगटीभोवती बसून गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, दही, गूळ, बोरं असं थोडं थोडं हाताने घेत दोन तास गप्पा मारणं, यात आणि फ्रेंच ‘आपेरो’त फारसा फरक नाही. आपेरो म्हणजे संध्याकाळी जेवणाआधी बसून थोडं पिणं, थोडं चघळणं.

मेन्यूवरचे शब्द

मेन्यूवर सगळ्यात वर बहुधा ‘प्लाँश’ असते. प्लाँश म्हणजे लाकडी फळी. तिच्यावर तीन-चार प्रकारचं चीज मांडलेलं असेल तर ती ‘फ्रोमाज’ची फळी, आणि खारवलेलं, वाळवलेलं मांस असेल तर ‘शार्क्युतरी’ची. शार्क्युतरी जवळजवळ नेहमी डुकराच्या मांसाची असते. ‘रियेत’ म्हणजे मांस त्याच्याच चरबीत तासन् तास शिजवून, कुस्करून केलेला मऊ लेप. पावाला लावून खातात. ‘पाते’ हा त्याचा भाऊबंद, त्यात बहुधा कलेजी असते. हंस-बदकाच्या फुगवलेल्या यकृताचं ‘फ्वा ग्रा’ फ्रान्समध्ये मिरवतात, पण भारताने २०१४ साली त्याची आयात बंद केली. तेव्हा इथल्या मेन्यूवर ते नाव दिसलं तर सरळ विचारा की हे आलं कुठून.

‘गुजेर’ म्हणजे चीज घातलेले फुगीर, पोकळ गोळे. गरम असतील तर मागवाच, थंड झाले की रबर. ‘तार्तिन’ म्हणजे पावाच्या जाड तुकड्यावर काहीही रचलेलं. ‘तापेनाद’ ही काळ्या ऑलिव्हची चटणी. ‘रातातुई’ ऐकायला भारी वाटतं, पण ती दक्षिण फ्रान्सची वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनी यांची भाजी आहे. आपल्या घरातल्या कुणालाही आवडेल. ‘ग्रातँ दोफिन्वा’ म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या दूध-क्रीम आणि लसणात भट्टीत भाजलेल्या. ‘एफ मायोनेज’ हे उकडलेलं अंडं आणि वर अंड्याचंच मेयोनेज. नावाला भुलून सहाशे रुपये देण्याआधी एवढं माहीत असावं.

मला या मेन्यूतला सर्वांत प्रामाणिक पदार्थ वाटतो तो मुळ्याचा. छोटे लाल मुळे, थंड लोणी आणि जाड मीठ. बस्स. मुळा लोण्यात बुडवायचा, मिठाला लावायचा आणि कच्चाच खायचा. आपल्याकडे मुळ्याची चटकोर आणि भाकरी खाणाऱ्या माणसाला यात नवल काही नाही, पण लोण्याने मुळ्याचा झणका कसा बसतो ते खाल्ल्यावर कळतं.

कांद्याच्या सुपाचंही तसंच. कांदे बारीक चिरून लोण्यात मंद आचेवर पाऊण-एक तास परततात, ते गडद तपकिरी आणि गोड होईपर्यंत. मग त्यात हाडांचा अर्क, वर भाजलेल्या पावाचा तुकडा, त्यावर चीज आणि पुन्हा भट्टीत. लासलगावचा कांदा ज्या राज्यात पिकतो तिथे हे सूप घरोघरी व्हायला हरकत नाही. अर्काऐवजी भाज्यांचं पाणी वापरलं तरी चव उतरते.

‘तार्तार’ हा शब्द दिसला तर थांबा. तो बारीक चिरलेल्या कच्च्या मांसाचा पदार्थ आहे. फ्रान्समध्ये तो गोमांसाचा असतो. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर आणि मांसावर बंदी आहे, त्यामुळे इथे ‘टेंडरलॉइन’ लिहिलं असेल तर ते म्हशीचं किंवा रेड्याचं असायला हवं. काही ठिकाणी ट्यूना माशाचं तार्तार करतात. बीटाचंही करतात.

शाकाहारी, माळकरी आणि लपलेलं मांस

इथे जरा सविस्तर लिहायला हवं, कारण मेन्यूवरचं हिरवं टिंब सगळं सांगत नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत माळ आहे. संत नामदेवांच्या नरसीत तर आषाढी-कार्तिकी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. अशा घरातला माणूस मित्रांसोबत अशा जागी गेला, तर त्याला नेमकं काय विचारायचं ते ठाऊक असलं पाहिजे.

पहिली गोष्ट चीज. दूध फाडायला ‘रेनेट’ लागतं. पारंपरिक युरोपीय पद्धतीत ते वासराच्या जठरातून काढतात. फ्रान्सचं कोंते, रोकफोर, इटलीचं पार्मिजानो ही चीज परंपरेने अशीच बनतात. भारतात बनणाऱ्या चीजमध्ये सहसा सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. मुंबईत बनणाऱ्या फ्रेंच धर्तीच्या चीजमध्ये ‘बॉम्ब्री’ आणि ‘कॅमेम्बे’ अशी गमतीदार नावंही आहेत. ब्री आणि कॅमेम्बेर यांना मुंबईची जोड. पुण्यात एबीसी फार्म्स बरीच वर्षं असं चीज करतं. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: ‘चीज कुठलं आहे आणि रेनेट कशाचं?’ चांगल्या जागी वेटर आत जाऊन विचारून येतो. उत्तर गुळमुळीत आलं तर चीज सोडून द्या.

दुसरी गोष्ट अर्क, म्हणजे स्टॉक. कांद्याचं सूप, मशरूमचा सॉस, डाळीसारखे दिसणारे मसुरीचे पदार्थ हे पाहायला शाकाहारी, पण आत कोंबडीचा किंवा हाडांचा अर्क असू शकतो. तिसरी, तापेनादमध्ये अँचोव्ही नावाचा खारवलेला मासा वाटलेला असतो. चौथी, डुकराची चरबी. काही पाय आणि भाज्या तीत करतात. पाचवी, गोडाचं: क्रेम कारामेल आणि चॉकलेट मूस दोन्हींत अंडं, मूसमध्ये बहुधा कच्चंच.

आणि वाइनसुद्धा. वाइन गाळताना तिच्यातला गढूळपणा खाली बसवायला काही पदार्थ वापरतात: अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन, माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला ‘आयझिंग्लास’, किंवा बेंटोनाइट नावाची माती. हे पदार्थ नंतर काढून टाकतात, तरी काटेकोर शाकाहारी माणसाला फरक पडतो. ‘व्हीगन’ असं बाटलीवर लिहिलेलं असेल तर प्राणिज काही वापरलेलं नाही.

न पिणाऱ्याने अशा जागी जाऊच नये, असं मात्र नाही. नुसतं जेवता येतं. लिंबू-सोडा, द्राक्षाचा रस, साधं पाणी मागवता येतं आणि त्यासाठी कारण द्यायची गरज नसते. ‘एक घोट घेऊन तर बघ’ म्हणणाऱ्या मित्राला ‘नाही’ एवढं उत्तर पुरतं.

वाइनची यादी वाचताना

यादी जाडजूड असते आणि तीच घाबरवते. प्रत्यक्षात तुम्हाला चार गोष्टी कळल्या तरी काम भागतं: पांढरी, गुलाबी, लाल, फसफसती. पांढरी वाइन हलकी आणि आंबटसर. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आलेलं ‘टॅनिन’ असतं. कोऱ्या कडक चहाने किंवा कच्च्या सुपारीने जीभ जशी आवळते तशी ती आवळते. गुलाबी दोन्हींच्या मधली. फसफसती वाइन म्हणजे लगेच शॅम्पेन नव्हे. शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका प्रदेशाचं नाव आहे आणि तिथे पारंपरिक पद्धतीने बनलेल्या वाइनलाच ते लावता येतं.

हा शेवटचा मुद्दा आपल्याला समजायला सोपा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता दुसरीकडची हळद ‘वसमत हळद’ म्हणून विकता येत नाही. फ्रान्सने वाइनसाठी अशी व्यवस्था १९३५ साली उभी केली. म्हणून फ्रेंच बाटलीवर बऱ्याचदा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं असतं: बोर्दो, शाब्ली, सांसेर. आपल्या बाटलीवर उलट, द्राक्षाचं नाव ठळक असतं: शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने. ही सगळी वाणं मूळची फ्रान्सचीच. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावालाही मानांकन आहे.

तिखटासोबत काय प्यावं? मिरची, टॅनिन आणि अल्कोहोल एकत्र आले की जाळ होतो. ठेच्याच्या वंशाचं काही टेबलावर असेल तर दाट लाल वाइन टाळावी. किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ चालते. बकरीच्या दुधाच्या चीजसोबत सोव्हिन्यों ब्लाँ ही फ्रेंचांची जुनी जोडी, आणि ती खरोखर जमते. बाकी जोड्यांचं अवडंबर माजवू नये.

बाटली मागवली तर वेटर आधी थोडीशी वाइन ग्लासात ओतून थांबतो. इथे भले भले गोंधळतात. तुम्हाला आवडली का, हे तो विचारत नसतो. बाटली खराब नाही ना, एवढंच बघायचं असतं. बुचातल्या एका रसायनामुळे काही बाटल्यांना भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात कुबटलेल्या गोणपाटाचा वास येतो. तसा वास आला तर सांगायचं, ते दुसरी बाटली आणतात. वास ठीक असेल तर मान हलवायची. फिरकीचं झाकण असलेल्या बाटलीला हा त्रास जवळजवळ नसतो, म्हणून झाकण बघून वाइन हलकी समजू नका.

ग्लासाने घेत असाल तर एकच प्रश्न विचारा: ‘बाटली कधी उघडली?’ उघडी वाइन हवेने उतरते. काल-आज उघडलेली ठीक. तीन-चार दिवसांपूर्वीची असेल तर दुसरी मागा. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची असं सांगतात, त्यातली रूम फ्रान्समधली थंड दगडी खोली आहे, सोळा ते अठरा अंशांची. आपल्याकडच्या मे महिन्यात ती थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलेलीच बरी.

नारायणगाव, नाशिक आणि द्राक्षाची बाग

महाराष्ट्रात ही संस्कृती थेट फ्रान्सचा हात धरून आली. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला शॅम्पेनच्या पद्धतीने फसफसती वाइन बनवली. तांत्रिक मदत फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या कंपनीची. ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशातही गेली. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये ‘सुला’ सुरू केली, पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली, आणि २००५ मध्ये वायनरीतच चव घेण्याची खोली उघडली. बाग बघायची, टाक्या बघायच्या आणि मग ग्लास हातात घेऊन काहीतरी खायचं, हे नाशिकला येणाऱ्या पर्यटकाला इथेच पहिल्यांदा कळलं. २०१३ मध्ये दिंडोरीत फ्रान्सच्या ‘शांदों’नेही भारतीय फसफसती वाइन आणली. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला ‘फ्रातेल्ली’ आहे, पण तिचं नातं इटलीशी.

राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा लावल्या. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वाइनचं द्राक्ष म्हणजे बाजारातलं थॉम्पसन किंवा सोनाका नव्हे. ते बारीक, जाड सालीचं, बी असलेलं असतं. बाग तीच, खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी तीच, खर्चही तसाच. पण वायनरीने माल उचलला नाही तर हे द्राक्ष हातगाडीवर विकलं जात नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. २००८ नंतरच्या मंदीत नेमकं तेच घडलं. नारायणगावची कंपनी कर्जात बुडाली, अनेक छोट्या वायनरी अडचणीत आल्या, आणि नाशिक भागात कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. पुढे धंदा सावरला, पण करार, दर आणि माल उचलण्याची हमी हे प्रश्न आजही शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिले आहेत.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याचा फायदा हे कारण सांगितलं गेलं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्ष उभा राहिला आणि निर्णय अंमलात आला नाही. ‘वाइन म्हणजे दारू नाही’ हे वाक्य त्या वादात खूप गाजलं. ते खरं आहे का, ते आकड्यांनी तपासता येतं.

एका ग्लासात किती?

वाइनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल असतं. १५० मिलीच्या ग्लासात म्हणजे १९.५ मिली शुद्ध अल्कोहोल. भारतात बनणारी व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, तिच्या ४५ मिलीत १९.३ मिली. म्हणजे वाइनचा एक ग्लास बरोबर दीड पेगाएवढा. शरीराला बाटलीचा आकार कळत नाही. ७५० मिलीची बाटली पाच ग्लासांची, म्हणजे दोघांनी एक बाटली संपवली तर प्रत्येकी जवळजवळ चार लहान पेग झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. ‘लाल वाइन हृदयाला चांगली’ हे म्हणून कुणी प्यायला सुरुवात करू नये.

गाडीचं तर बोलायलाच नको. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा. पहिल्यांदाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोन ग्लासांनंतर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. जाताना रिक्षा किंवा कॅब.

महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वयाची अट २१, बाकी मद्यासाठी २५. दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो रद्द झालेला नाही. म्हणूनच इथे प्यायला परवाना लागतो आणि बारला ‘परमिट रूम’ म्हणतात. परवाना एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत पूर्ण बंदी आहे. कोरड्या दिवसांच्या यादीत आषाढी आणि कार्तिकी एकादशी सहसा असतात. त्या दिवशी मुंबईतल्या फ्रेंच बारमध्येही फक्त जेवण मिळतं.

बिल

छोट्या प्लेटची खरी मेख इथे आहे. एकेक प्लेट स्वस्त वाटते, म्हणून हात सुटतो. समजा दोघांनी ५५० रुपयांच्या चार प्लेट घेतल्या: २२०० रुपये. ७०० रुपयांचे दोन ग्लास: १४०० रुपये. खाण्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ११०. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट. नोव्हेंबर २०२३ पासून बार-रेस्टॉरंटमध्ये तो १० टक्के झाला, म्हणजे १४०. एकूण ३८५०. पंचतारांकित हॉटेलात असाल तर खाण्यावर १८ टक्के.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला असेल तर तो कर नाही. तो आपोआप लावू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. काढायला सांगता येतो. सेवा आवडली तर टीप वेटरच्या हातात द्या.

ग्लास महाग का, तर या धंद्यात एक ठोकताळा चालतो: पहिल्या ग्लासातच बाटलीची खरेदी किंमत वसूल व्हावी, कारण उरलेली वाइन फुकट जाण्याची भीती असते. त्यामुळे तिघे-चौघे एकच वाइन पिणार असतील तर बाटली परवडते; एकट्याला ग्लासच बरा. फ्रान्सहून आलेल्या बाटलीची किंमत वाढवण्यात आयात शुल्काचा मोठा वाटा. ते बरीच वर्षं १५० टक्के राहिलं आहे. त्याच पैशात नाशिकची वरच्या दर्जाची वाइन येते आणि माझ्या मते अनेकदा ती सरस निघते, कारण स्वस्त फ्रेंच वाइनवर हे शुल्क चढलं की तुम्ही मुख्यतः शुल्कच पीत असता.

मागवण्याची पद्धत अशी ठेवा: दोन माणसांना आधी दोनच प्लेट, एक थंड आणि एक गरम. पाव सोबत येतो का, त्याचे पैसे वेगळे का, हे विचारून घ्या. फ्रान्समध्ये पाव आणि साधं पाणी जेवणाच्या दरातच धरलेलं असतं, इथे बहुधा पाव वेगळा लावतात आणि बाटलीबंद पाणी न मागता उघडलं जातं. ‘साधं पाणी’ असं आधीच सांगा. भूक उरली तर पुढच्या दोन प्लेट. पोटभर जेवायची सवय असलेल्याने घरून निघताना अर्धी भाकरी खाऊन निघावं, म्हणजे फळीवरच्या पाच ग्रॅम चीजचा राग येत नाही.